यंत्राला हात लावायचा अधिकार: जलशापासून मोबाइलपर्यंतची आपली नवमाध्यम कला



गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जयंतीची तयारी चालू असताना, सोलापूरच्या एका वस्तीत आम्ही अभ्यासिकेच्या वर्गणीसाठी फिरत होतो. एका घरात रंगकाम चालू होते. घरातला मुलगा भंगारवाल्याला एक गोणी देत होता. सहज डोकावून पाहिले तर आत साठ-सत्तर कॅसेट होत्या. काही कंपनीच्या, काही कोऱ्या आणून घरीच भरलेल्या. एकीवर निळ्या पेनाने लिहिले होते, "जलसा, बुद्धविहार". साल नाही, गाणाऱ्याचे नाव नाही. आम्ही ती गोणी मागून घेतली. भंगारवाला वजनावर पैसे देणार होता, तेवढे आम्ही त्या मुलाला दिले.

त्याच आठवड्यात अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "दादा, हे न्यू मीडिया आर्ट म्हणजे नेमके काय असते? मुंबईत एक प्रदर्शन पाहिले. अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ चालू, बाजूला स्पीकर, वायरी, मडकी. हे पैसेवाल्यांचे खूळच ना? आपला काय संबंध?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: शब्द, सूर, अभिनय, चित्र आणि यंत्र यांना एकत्र आणून लोकांसमोर उभे करणे ही कला आपल्याला नवीन नाही. आपल्या चळवळीने ती शंभर वर्षांपूर्वीपासून वापरली आहे. आपल्यासाठी नवीन होते ते यंत्राला हात लावायला मिळणे. या कलेचा इतिहास लिहायचा तर पहिला प्रश्न "कोणते यंत्र आले?" हा नाही. "त्या यंत्राजवळ कोणाला उभे राहू दिले?" हा आहे.

सोलापूरच्या मागावरची चित्रे

सुरुवात आपल्याच गावापासून करू. सोलापूरची चादर जगाला माहीत आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण चादरीवरची नक्षी मागावर येते कशी, हे आपल्यातल्या किती तरुणांना माहीत आहे?

मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचे यंत्र बसवलेले असते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्ड याने ते १८०४ च्या सुमारास तयार केले. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेका चौकटीत एकच निर्णय असतो: धागा वर की खाली. त्या निर्णयांप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडतात. छिद्र असेल तर सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, छिद्र नसेल तर तो खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्यांची माळ मागावर फिरते आणि कापडावर मोर, फूल, माणसाचा चेहरा उमटतो.

आहे आणि नाही, एक आणि शून्य. आजचा संगणक याच भाषेवर चालतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी छिद्रांच्या पट्ट्यांची कल्पना जकार्डच्या मागावरून घेतली. एडा लव्हलेसने १८४३ साली त्या यंत्रावर लिहिताना याच मागाशी तुलना केली. पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथने छिद्रांची कार्डे वापरून माणसे मोजली. म्हणजे संगणकावर चित्र उमटण्याच्या कितीतरी आधी मागावर ते छिद्रांच्या हिशेबाने उमटत होते. आपल्या गावातले विणकर बाबासाहेबांची किंवा बुद्धांची प्रतिमा भिंतीवरच्या कापडात विणतात, तेव्हा ते एका अर्थाने डिजिटल चित्रच असते. त्याला कोणी कला म्हणत नाही, "माल" म्हणतात.

आता जातीचा मुद्दा. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम विभागात, म्हणजे साळखात्यात, घेत नसत. कारण काय दिले जायचे? धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा, असे सवर्ण कामगार म्हणत. गंमत पाहा! यंत्र इंग्लंडचे, कापूस शेतकऱ्याचा, भांडवल मालकाचे, आणि विटाळ आपला. साळखात्यात पगार जास्त होता, तिथेच आपल्याला दार बंद. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच मुद्दा ठेवला: साळखात्यात आमच्या माणसांना काम करण्याचा हक्क मान्य करा, मग आमच्याकडून एकजुटीची अपेक्षा ठेवा.

समाजशास्त्राच्या पुस्तकात तंत्रज्ञान जात मोडते असे एक वाक्य हमखास असते. गिरणीचा धोटा सांगतो की यंत्र आपोआप काहीच मोडत नाही. यंत्राभोवती उभी राहिलेली माणसे आपली जात सोबत घेऊन येतात. ती मोडण्यासाठी मागणी करावी लागते, संघटना लागते.

त्यांचा पडदा, आपला जलसा

महाराष्ट्रात हलत्या चित्रांचा इतिहास सांगताना कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांच्या "शांबरिक खरोलिका" या खेळाचे नाव घेतले जाते. १८९० च्या दशकात काचेवरची रंगीत चित्रे दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर टाकून ते कथा दाखवत. कथा कोणत्या? रामायण-महाभारतातल्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा "राजा हरिश्चंद्र" आला. तोही पुराणातला. नवे यंत्र आले आणि त्याने पहिल्यांदा जुनेच पुराण सांगितले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली "सावकारी पाश" काढून शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले, त्याची नोंद घेतलीच पाहिजे. पण तो अपवाद होता.

आपल्याकडे त्या काळात कॅमेरा नव्हता, पडदा नव्हता, चित्रपटगृहही नव्हते. मग आपण काय केले? १८५५ साली जोतीराव फुल्यांनी "तृतीय रत्न" हे नाटक लिहिले. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत विचार न्यायचा तर तो डोळ्यांना दाखवावा आणि कानांना ऐकवावा लागतो, ही समज त्यामागे होती. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी सत्यशोधक जलसे गावोगावी नेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. बाबासाहेबांच्या चळवळीत हाच जलसा आंबेडकरी जलसा झाला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी जलसे केले आणि त्यांच्या स्वरूपावर पुढे पुस्तकही लिहिले. म्हणून आज आपल्याला त्याबद्दल बोलता येते.

जलशाची रचना लक्षात घ्या. सुरुवातीला तमाशात गणपतीचा गण असायचा, त्या जागी महापुरुषाला वंदन आले. कृष्ण-गवळणींची चेष्टा गेली, तिथे शिक्षण, स्वच्छता, मेलेले जनावर न ओढण्याचा निर्धार यावरचे संवाद आले. गाणे, ढोलकी, नक्कल, सवाल-जबाब, भाषण, मध्येच प्रेक्षकांतून येणारा प्रश्न, हे सगळे एका रात्रीत आणि एका अंगणात घडे. उजेडाला गॅसबत्ती असायची. आज कलेच्या महाविद्यालयात याला मल्टिमीडिया, परफॉर्मन्स, सहभागी कला अशी नावे देऊन शिकवतात. आपल्या आजोबांनी ते भाकरतुकड्यावर केले.

आणि हे पुण्या-मुंबईपुरते नव्हते. १९२४ च्या मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती. बाबासाहेब तिथे आले होते. परिषदेचा ठराव कागदावर राहतो, पण तो चुलीपर्यंत न्यायला गाणे लागते. "मूकनायक", "बहिष्कृत भारत", "जनता" ही पत्रे जे वाचू शकत होते त्यांच्यासाठी होती. जे वाचू शकत नव्हते त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा.

एकच शहर, दोन कार्यशाळा

आता कलेच्या अधिकृत इतिहासाकडे येऊ. त्यात लिहिलेले असते की नवमाध्यम कलेची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइकने १९६३ साली जर्मनीत दूरचित्रवाणी संच उलटसुलट करून प्रदर्शन मांडले, तिथून ही कथा सुरू होते. भारतापुरते सांगायचे तर १९६९ साली मुंबईत अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या आधारावर "व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप" सुरू केली. चित्रकारांना तिथे फिल्म आणि छायाचित्रणाची साधने मिळाली. नलिनी मालानी यांचे सुरुवातीचे फिल्मचे प्रयोग तिथेच झाले. त्याआधी १९६७ साली, आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी "थ्रू द आइज ऑफ अ पेंटर" हा लघुपट केला आणि तो बर्लिनला पुरस्कार घेऊन आला. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते, हेही विसरू नका.

या कामांना आम्ही कमी लेखत नाही. पण त्याच मुंबईत तीन वर्षांनी, १९७२ साली, आणखी एक कार्यशाळा सुरू झाली होती. तिला फेलोशिप नव्हती. तिचे नाव दलित पँथर. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा "गोलपिठा" आला. त्या पिढीकडे कॅमेरा नव्हता. तिचे यंत्र म्हणजे टंकलेखन, सायक्लोस्टाइल, छोटा छापखाना, भिंत आणि चुना. अनियतकालिके, पत्रके, भिंतीवरच्या घोषणा, मोर्चातले फलक, आणि या सगळ्यातून उभी राहिलेली एक वेगळी दृश्यभाषा. पदमसींची कार्यशाळा कलेच्या इतिहासात गेली. पँथरची पत्रके पोलिसांच्या फाइलींत आणि कार्यकर्त्यांच्या पेट्यांत गेली. दोन्हीकडे प्रयोगच होते ना? मग एक कला आणि दुसरे केवळ राजकारण, हे कोणी ठरवले?

अमेरिकेत काय झाले ते पाहा. ब्लॅक पँथर पक्षाच्या वर्तमानपत्रासाठी एमरी डग्लस चित्रे काढायचा. स्वस्त कागद, एक-दोन रंग, जाड रेघा. ती चित्रे वस्तीच्या भिंतींवर लागायची. पुढे २००० च्या दशकात लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी त्याच चित्रांची प्रदर्शने भरवली. तोवर ती टिकली, कारण लोकांनी अंक जपून ठेवले होते. आपल्याकडे श्रुजना श्रीधर या तरुण चित्रकर्तीने पुढाकार घेऊन "दलित पँथर अर्काइव्ह" या नावाने त्या काळची अनियतकालिके जमवण्याचे काम हाती घेतले. हे काम एका-दोघांचे नाही, जिल्ह्याजिल्ह्यातले आहे.

कॅसेट: पहिले यंत्र जे आपल्या हातात आले

ग्रामोफोनच्या तबकडीचा धंदा अनेक दशके एका मोठ्या कंपनीच्या हातात होता. काय छापायचे ते कंपनी ठरवणार. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटले. कॅसेट भरायला मोठा कारखाना लागत नव्हता. छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि कंपनी नसली तरी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले की प्रत निघायची. ज्याला ऐकायचे तोच भरू शकतो, असे हे यंत्र होते.

आपल्या लोकांनी हे लगेच ओळखले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर पायी आणि एसटीने फिरून गाणी देत राहिले. त्यांची गाणी कॅसेटने त्यांच्या पायांच्याही पुढे नेली. मंगळवेढ्याशी नाते सांगणाऱ्या शिंदे घराण्यातले प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणीही गायले आणि भीमगीतेही. पुढे आनंद शिंदे यांच्या आवाजाने कॅसेटचा बाजार हलवला. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. त्यांचे आवाज आज मोबाइलवर आहेत, म्हणजे कोणीतरी ती कॅसेट सांभाळली, कोणीतरी ती संगणकावर घेतली. त्या "कोणीतरी"ची नावे कुठल्याही पुरस्काराच्या यादीत नाहीत.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी तिथून चित्रीकरण सुरू केले आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, "जयभीम कॉम्रेड" पूर्ण केला. तो पाहताना कळते की आपली गाणी हीच आपली दस्तऐवजाची पद्धत आहे. कोण मेले, कोणी मारले, कोण फितूर झाले, हे गाण्यात नोंदलेले असते. कागद सरकारजमा होतो, गाणे होत नाही.

कॅमेरा करमाळ्यात पोहोचतो

करमाळा तालुक्यातले जेऊर. वडार समाजातला एक मुलगा तिथून निघतो, मराठीत एमए करतो, कविता लिहितो आणि नगरला संज्ञापनाचा अभ्यास करताना "पिस्तुल्या" नावाचा लघुपट करतो. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोराची ती गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. पुढे २०१३ चा "फँड्री", २०१६ चा "सैराट". नागराज मंजुळे हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे.

आम्हाला "फँड्री"तल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. शेवटाकडे मेलेले डुक्कर बांबूला बांधून नेले जाते, आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीमाई यांची चित्रे आहेत. एकही संवाद नाही. गावातल्या रंगाऱ्याने काढलेली साधी भिंतचित्रे, आपण रोज पाहतो तशी. कॅमेऱ्याने ती डुकराच्या बरोबरीने एका चौकटीत घेतली आणि सत्तर वर्षांचा हिशेब मांडला. हे शिकवून येत नाही. त्या भिंतीजवळून चालत गेलेल्या माणसालाच ती चौकट दिसते. म्हणून यंत्राजवळ आपला माणूस असणे महत्त्वाचे. केवळ प्रतिनिधित्वापुरते हे नाही. तो माणूस नसेल तर ती गोष्ट पडद्यावर येतच नाही.

सांगली जिल्ह्यातले सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगाववर माहितीपट केला, नंतर चैत्यभूमीवर केला. ६ डिसेंबरला दादरला येणारी लाखोंची गर्दी इतर कॅमेऱ्यांना "वाहतूक कोंडी" म्हणून दिसते. त्यांच्या कॅमेऱ्याला तिथे पुस्तके विकत घेणारे, गाणारे, रांगेत उभे राहिलेले नागरिक दिसले.

दालनात शिरलेली माणसे

आता त्या विद्यार्थ्याने पाहिलेल्या अंधाऱ्या खोलीकडे वळू. त्या खोलीतही आता आपली माणसे आहेत.

अमोल पाटील हा मुंबईतला कलाकार. आजोबा पोवाडे गाणारे, वडील गिरणगावातल्या माणसांवर नाटके लिहिणारे. घरात राहिलेले कागद, संहिता, आवाज हेच त्याचे साहित्य. त्यातून तो व्हिडिओ, ध्वनी, हलणारी शिल्पे आणि सादरीकरण असे काम उभे करतो. चाळीतले जगणे, सफाई कामगाराचे शरीर, त्याच्या त्वचेकडे पाहणारी जातीची नजर हे त्याचे विषय. २०२२ साली जर्मनीतल्या कासेल येथील डॉक्युमेंटा या जगातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याचे काम होते, २०२३ ला लंडनच्या हेवर्ड गॅलरीत होते. म्हणजे पोवाडा तिथे पोहोचला, फक्त त्याला स्पीकर आणि मोटर जोडलेली होती.

प्रभाकर कांबळे यांनी "उतरंड" मांडली. घरात मडक्यावर मडके रचतात ती उतरंड. खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार, आणि वरच्याला खालचे दिसतही नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता यापेक्षा सोप्या वस्तूत कशी दाखवणार? २०२२ च्या बर्लिन बिएनालेत हे काम होते. त्या विद्यार्थ्याला खटकलेली मडकी कशासाठी असतात, हे आता कळले असेल.

पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी "पाण्याची जात कोणती?" असा प्रश्न विचारणारी मांडणी केली. काचेच्या ग्लासांमध्ये वाळलेले पंचगव्य. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळे "शुद्ध" करण्यासाठी १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले गेले, त्याची ही आठवण. त्यांच्या आणखी एका कामात घरातल्या अल्बममधले जेवतानाचे फोटो आहेत: लग्न, वाढदिवस, सहल. दलित म्हटले की उपाशी चेहरा, अशी सवय लागलेल्या डोळ्यांना पोटभर जेवणारे, हसणारे कुटुंब दाखवणे हेही राजकारणच.

दालनाबाहेर, मोबाइलच्या पडद्यावर, सिद्धेश गौतमसारखे तरुण बाबासाहेबांची डिजिटल चित्रे काढतात. पंजाबात गिन्नी माही, तमिळनाडूत अरिवू गाण्याच्या व्हिडिओतून तेच करतात. हिप-हॉप १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मले तेव्हा काळ्या पोरांनी दुसऱ्यांच्या तबकड्या हाताने मागेपुढे फिरवून नवे संगीत काढले होते. यंत्र ज्या कामासाठी बनवले त्यापेक्षा वेगळे काम त्याच्याकडून करून घेणे, ही शोषितांची जुनी कला आहे.

स्वतःला दोन प्रश्न

इथे थांबून टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण ही चळवळ आत्मटीकेवर उभी आहे.

पहिला प्रश्न. कासेल आणि बर्लिनला जे पोहोचले ते आपल्या वस्तीत कधी पोहोचणार? दालनाचा काचेचा दरवाजा, इंग्रजीतली माहितीपाटी, आत शिरताना सुरक्षारक्षकाची नजर, हेही साळखातेच आहे. आम्ही कलाकारांना विनंती करतो: तुमचे काम एकदा बुद्धविहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत मांडा. कळणार नाही असे समजू नका. ज्या समाजाने जलसा समजून घेतला त्याला व्हिडिओ समजतो. आणि कार्यकर्त्यांनाही सांगतो: ज्या गाण्यात बाबासाहेबांचे नाव ठळक नाही ते आपले नाही, असा हट्ट सोडा. अमोल पाटीलच्या कामात झाडू आहे, त्वचा आहे, चाळ आहे. तोही आपलाच इतिहास आहे.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. जयंतीला डीजेवर आपण किती खर्च करतो, आणि आपल्या गावातल्या शाहिरांचा आवाज जपायला किती? आम्ही मिरवणुकीच्या विरोधात नाही. जो समाज शतकानुशतके रस्त्यावरून मान खाली घालून चालला, त्याने वर्षातून एकदा रस्ता गाजवावा. पण भिंतीएवढे स्पीकर भाड्याने आणणारे आपण, आणि शाहिराच्या कॅसेट किलोवर देणारेही आपणच. ही जबाबदारी मनुवाद्यांवर ढकलता येणार नाही.

आणि नवा धोका दारात आहे. बाबासाहेबांचा खरा आवाज आपल्याकडे आहे: १९५५ ची बीबीसीची मुलाखत आहे, आकाशवाणीवरचे भाषण आहे. तरीही आज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली त्यांची चित्रे आणि त्यांच्या तोंडी घातलेली वाक्ये मोबाइलवर फिरतात. आपलेच कार्यकर्ते ती पुढे पाठवतात, कारण ती छान दिसतात. उद्या हेच यंत्र त्यांच्या तोंडून त्यांच्या विचारांच्या उलट बोलून घेईल, तेव्हा खोटे ओळखायचे कशाच्या आधारावर? मूळ ध्वनिफीत, मूळ अंक, मूळ फोटो हाताशी असेल तरच. जपणूक हा भावनेचा विषय नाही, पुराव्याचा आहे.

काय करायचे?

एक चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव. पुढे "पारी" या संकेतस्थळाने त्या आवाजासह आणि व्हिडिओसह लोकांपुढे ठेवल्या. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नव्हते तिचे नाव तिच्या ओवीखाली आहे.

सोलापूर जिल्ह्यात हेच करायला काय लागते? एक चालू टेपरेकॉर्डर, एक वायर, एक जुना लॅपटॉप आणि वेळ. प्रत्येक तालुक्यात दोन मुले-मुली तयार व्हाव्यात. कॅसेट, फोटो, पत्रके, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, जुने फलक यांच्या प्रती काढाव्यात. गाणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि साल विचारून लिहावे. माणूस हयात असेल तर त्याची परवानगी घ्यावी आणि कुठे पैसे मिळालेच तर त्याचा वाटा द्यावा. प्रत एकाच कंपनीच्या चॅनेलवर ठेवून निर्धास्त होऊ नये. ते दुकान आपले नाही, मालक कधीही शटर ओढू शकतो. एक प्रत विहारात, एक वाचनालयात, एक घरी. आणि आपल्या मुलींना संकलन, ध्वनिमुद्रण, कोडिंग शिकवा. साळखात्याचे दार आज कायद्याने उघडे आहे, आत शिरायचे काम आपले आहे.

त्या गोणीचे काय झाले ते सांगतो. बऱ्याच फितींना बुरशी लागली होती, त्या वाजल्या नाहीत. वीस-बावीस वाजल्या. "जलसा, बुद्धविहार" ही त्यातलीच. खरखरीमागे ढोलकी आहे, एक पुरुष संवाद म्हणतो, लोक हसतात, आणि मग एक बाई गाते. आवाज असा की अभ्यासिकेतली मुले पुस्तक बाजूला ठेवून बसली. १४ एप्रिलच्या दुपारी आम्ही ती फीत विहारात वाजवली. एका म्हाताऱ्या बाबांनी ढोलकीवाल्याला हातावरून ओळखले. नाव, गल्ली, कोणत्या गिरणीत होता, सगळे सांगितले. आम्ही ते वहीत लिहून घेतले.

गाणारी बाई कोण, हे मात्र तिथे जमलेल्या शंभर-सव्वाशे माणसांतल्या एकालाही सांगता आले नाही. वहीत तिची ओळ आम्ही रिकामी ठेवली आहे. आपल्या घरात कोणी जुने माणूस असेल तर त्याला ही फीत ऐकवायला आम्ही येऊ. पण लवकर बोलवा.

जयभीम! नमो बुद्धाय!